संगणकाच्या स्मृतीला ताप येतो तेव्हा

मे महिन्यातील एक गोष्ट सांगतो. मराठवाड्यातील आमच्या शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक आहे. त्यावर वर्षानुवर्षे घेतलेल्या पावसाच्या नोंदी वहीतून संगणकात उतरवण्याचे काम नववीतील काही मुलांनी सुट्टीत अंगावर घेतले होते. प्रयोगशाळेतील संगणक जुना आणि फार मंद. म्हणून त्यातील ४ गिगाबाइटच्या रॅमच्या पट्टीशेजारी ८ गिगाबाइटची नवी पट्टी बसवली. दोन दिवस संगणक घोड्यासारखा पळाला. तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र पडदा एकाएकी निळा झाला, त्यावर इंग्रजीत काही ओळी उमटल्या आणि संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला.

सकाळी ठणठणीत आणि दुपारी बेशुद्ध, असा प्रकार चार दिवस चालला. खोलीत ४१ अंश सेल्सिअस तापमान होते. "उन्हाने तापतोय बिचारा," असा सर्वांनी निर्वाळा दिला. कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून समोर टेबलफॅन ठेवला. निळा पडदा दिसेनासा झाला. आम्ही समाधानाने हात झटकले.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर आकड्यांची बेरीज तपासताना एका जुलै महिन्याचा पाऊस वहीपेक्षा ४० मिलिमीटरने कमी भरला. शोध घेतला, तेव्हा एका दिवसाच्या नोंदीत वहीत ७६ आणि संगणकात ३६ असे आढळले. ते पान उतरवणाऱ्या मुलाला मी चारचौघांत निष्काळजी म्हटले. "सर, मी ७६च टाइप केले होते," एवढेच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने दप्तरातून एक छापील कागद काढून माझ्यासमोर ठेवला. पंखा लावल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काढलेली ती त्याच फाइलची प्रत होती. त्यावर स्पष्ट ७६ छापलेले होते. त्यानंतर त्या नोंदीला कोणी हात लावलेला नव्हता.

मग ७६चे ३६ कोणी केले? आणि पंख्याने बरा केलेला संगणक खरोखरच बरा झाला होता का? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आधी संगणकाची स्मृती कशी चालते ते पाहावे लागेल.

पाझरणारे माठ

संगणक सर्व माहिती १ आणि ० या दोनच चिन्हांत लिहितो. अशा एका चिन्हाच्या जागेला बिट म्हणतात. रॅममध्ये प्रत्येक बिटासाठी एक अतिसूक्ष्म धारित्र, म्हणजेच कपॅसिटर, आणि ते उघडझाप करणारा एक ट्रान्झिस्टर असतो. धारित्रात विद्युतभार साठवलेला असेल तर १ आणि नसेल तर ०, असे आपण धरू. ही कल्पना आयबीएम या कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचली आणि १९६८ मध्ये तिचे पेटंट त्यांना मिळाले. १९७० मध्ये इंटेल कंपनीने १,०२४ बिटांची रॅम चिप बाजारात आणली. आमच्या ८ गिगाबाइटच्या पट्टीत ६,८७१ कोटींहून अधिक बिट आहेत, म्हणजे त्या चिपच्या सुमारे ६ कोटी ७१ लाख पट!

एवढी धारित्रे बोटभर रुंद पट्टीवरील आठ चिपांत बसवायची, तर प्रत्येक किती लहान असेल याचा विचार करा. त्याची धारिता सुमारे १० फेमटोफॅरड आणि त्यावरील दाब १ व्होल्ट धरला, तर त्यात साठलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या साधारण ६२,५०० भरते. विजेच्या दिव्यातून एका सेकंदात वाहणाऱ्या अब्जावधी इलेक्ट्रॉनांच्या मानाने हा साठा अगदीच क्षुल्लक होय. शिवाय तो टिकत नाही. ट्रान्झिस्टर बंद असला तरी त्यातून थोडा थोडा भार सतत पाझरत असतो.

आता अशी कल्पना करा, की एका लांबलचक पडवीत माठांच्या हजारो रांगा मांडल्या आहेत. प्रत्येक माठ पाझरतो. एक पाणक्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा फेऱ्या घालतो आहे. त्याला नेमून दिलेला नियम असा: जो माठ अर्ध्याहून अधिक भरलेला दिसेल तो काठोकाठ भरायचा, जो अर्ध्याहून कमी असेल तो रिकामा करायचा. पाणक्या वेळेवर आला, तर भरलेला माठ थोडासाच रिता झालेला असतो. तो पुन्हा भरला जातो आणि आठवण शाबूत राहते. एखादा माठ जास्तच गळका असला, तर पाणक्या येईपर्यंत त्यातील पाणी निम्म्याखाली गेलेले असते. मग पाणक्या आपल्या नियमाप्रमाणे तो रिकामाच करून पुढे जातो. तेथे १ होता हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

रॅममधील या फेरीला 'रिफ्रेश' म्हणतात. आमच्या पट्टीच्या जातीत, म्हणजे डीडीआर-४ मध्ये, सर्व रांगांची एक फेरी ६४ मिलिसेकंदांत पुरी व्हावी लागते. या फेरीचे ८,१९२ हुकूम असतात. ६४ मिलिसेकंदांना ८,१९२ ने भागा. उत्तर येते सुमारे ७.८ मायक्रोसेकंद. दर ७.८ मायक्रोसेकंदांना एक हुकूम सुटतो. तुम्ही हे वाक्य वाचून संपवेपर्यंत तुमच्या संगणकातील पाणक्याच्या कित्येक फेऱ्या पुऱ्या झालेल्या असतील. वीज गेली की रॅममधील सर्व काही पुसले जाते, त्याचे कारणही हेच. पाणक्या थांबला, की माठ रिते व्हायला वेळ लागत नाही.

उष्णतेचा संबंध

अर्धवाहकाचे तापमान वाढले, की त्यातील इलेक्ट्रॉनांची हालचाल वाढते आणि पाझर वाढतो. ढोबळमानाने असे म्हणता येईल, की तापमान १० अंशांनी वाढले, तर आठवण टिकण्याचा काळ निम्मा होतो.

याची उलट बाजू २००८ साली प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिली. त्यांनी रॅमच्या चिपा उणे ५० अंश सेल्सिअसपर्यंत थंड केल्या आणि वीज तोडली. दहा मिनिटांनंतर पाहिले, तर शंभरातील एकाहूनही कमी बिट पुसले गेले होते. थंडीत माठांचा पाझर जवळजवळ थांबला होता.

म्हणजे उष्णतेने स्मृती दुबळी होते हे खरे. पण रॅम बनवणाऱ्यांना हे ठाऊक नसते का? डीडीआर-४ चिपच्या पृष्ठभागाचे तापमान ८५ अंश सेल्सिअसपर्यंत गेले, तरी ६४ मिलिसेकंदांची फेरी पुरली पाहिजे असा नियम ठरलेला आहे. ८५ ते ९५ अंशांच्या दरम्यान फेरीचा वेग दुप्पट करावा लागतो, म्हणजे ती ३२ मिलिसेकंदांत संपवावी लागते. पाझर वाढला, म्हणून पाणक्याच्या फेऱ्या वाढवल्या. निरोगी पट्टीने ८५ अंशांपर्यंत एकही चूक करता कामा नये.

येथे आमच्या समाधानाला पहिला तडा गेला. आमची पट्टी किती तापत होती, हे आम्ही मोजलेच नव्हते. आमच्याकडील मल्टिमीटरसोबत तापमान मोजण्याची तार मिळाली होती. संगणक बंद करून, वीज काढून, तिचे टोक उष्णता सहन करणाऱ्या चिकटपट्टीने नव्या पट्टीवरील एका चिपच्या काळ्या पाठीवर चिकटवले. धातूचे उघडे टोक पट्टीवरील जोडांना लागणार नाही याची काळजी घेतली. कॅबिनेट बंद असताना, दुपारी, तासाभराने तापमान भरले ५८ अंश. झाकण काढून पंखा लावला, तेव्हा ४६ अंश.

५८ अंश तापमान हाताला चटका देणारे आहे खरे, पण ते ८५ अंशांच्या कितीतरी खाली आहे. ज्या उन्हात शेजारची जुनी पट्टी बिनतक्रार काम करत होती, त्याच उन्हात नवी पट्टी चुकत असेल, तर दोष उन्हाचा कसा?

करून पाहा : विसराळू धारित्र

पुढे जाण्यापूर्वी ही गोष्ट हाताने करून पाहा. त्यासाठी १,००० मायक्रोफॅरडचे, १६ व्होल्टचे किंवा त्याहून अधिक व्होल्टचे एक धारित्र, १० किलोओहमचे दोन रोधक, ९ व्होल्टची बॅटरी, मल्टिमीटर आणि सेकंद काटा असलेले घड्याळ एवढे साहित्य पुरे. धारित्राचे धन टोक बॅटरीच्या धन टोकालाच जोडायचे, उलट जोडायचे नाही, हे ध्यानात ठेवा.

धारित्राच्या दोन टोकांना एक रोधक आणि मल्टिमीटर जोडा. बॅटरी क्षणभर लावून काढून घ्या. मल्टिमीटरवरील आकडा हळूहळू उतरू लागेल. ५ सेकंदांनी तो साधारण ५.५ व्होल्ट असेल. ९ व्होल्टची निम्मी संख्या ४.५. आकडा निम्म्याच्या वर आहे, म्हणून याला १ समजा आणि बॅटरी पुन्हा क्षणभर लावा. दर ५ सेकंदांनी असे करत राहिलात, तर हा १ तुम्ही दिवसभर टिकवू शकाल. तुम्ही स्वतःच पाणक्या झालात!

आता दुसरा रोधक पहिल्याच्या जोडीला समांतर जोडा. रोध निम्मा, म्हणजे ५ किलोओहम झाला. पाझर दुप्पट झाला. पुन्हा ५ सेकंदांनी पाहा. या वेळी आकडा सुमारे ३.३ व्होल्टपर्यंत उतरलेला असेल. तो निम्म्याच्या खाली गेला आहे. नियमाप्रमाणे याला ० म्हणावे लागेल. आठवण गेली. धारित्रांच्या मापात फरक असल्यामुळे तुमचे आकडे थोडे वेगळे येतील, पण एकदा वर आणि एकदा खाली, हा निकाल बदलणार नाही. फेरी दर अडीच सेकंदांनी केली तर काय होईल, तेही पाहा.

दोषाचा शोध कसा घ्यावा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नवी पट्टी बसवल्यावर संगणक अडखळू लागला, तर काय करावे? पाच ठिकाणी एकाच वेळी हात घातला, तर संगणक चालू होईलही, पण कशामुळे चालू झाला ते कधीच कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक वेळी निकाल वहीत लिहायचा. प्रयोगशाळेत लंबकाची लांबी बदलताना आपण गोळा बदलत नाही, तसेच हे आहे.

पहिले काम माहिती वाचवण्याचे. नवी पट्टी काढून ठेवा आणि जुन्या पट्टीवरच संगणक चालवून महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे घ्या. हा क्रम महत्त्वाचा आहे. प्रत घेताना सगळी माहिती रॅममधूनच जाते. सदोष पट्टी तशीच ठेवून प्रत घेतली, तर प्रतीतही चुका शिरू शकतात.

दुसरे काम सुरक्षिततेचे. संगणक बंद करून वीजपुरवठ्याची वायर भिंतीतून काढा. मग सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून ठेवा, म्हणजे आत उरलेला भार निघून जाईल. कोरड्या हवेत आपल्या अंगावर स्थिर विद्युत साठते. बोटाला ठिणगी जाणवते तेव्हा हा दाब हजारो व्होल्ट असतो आणि चिप त्याहून पुष्कळ कमी दाबाने बिघडते. म्हणून पट्टीला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला स्पर्श करा आणि पट्टी कडेने धरा. वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला दुकानात एसएमपीएस म्हणतात, तो कधीही उघडू नका. त्यातील मोठी धारित्रे वायर काढल्यावरही धोकादायक असतात. हे सर्व काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे.

त्यानंतर साधी कारणे पाहावीत. बहुतेक वेळा दोष येथेच सापडतो.

पट्टी नीट बसली आहे का? ती दोन्ही टोकांकडून सारखी दाबावी. खटका बसल्याचा आवाज आला पाहिजे. एक टोक केसभर वर राहिले, तरी संगणक सुरूच होत नाही किंवा नुसता पीं-पीं करतो. या आवाजांचा अर्थ मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेला असतो. प्रत्येक कंपनीची खूण निराळी.

सोनेरी टोके स्वच्छ आहेत का? त्यांवर धूळ किंवा बोटाचे तेल बसले, तर संपर्क तुटक होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने ती पुसावीत आणि पूर्ण वाळू द्यावीत. खोडरबर घासण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते. तो फार जोरात घासला, तर सोन्याचा पातळ थरच निघून जातो.

पट्टीची जात जुळते का? डीडीआर-३ पट्टी १.५ व्होल्टवर चालते, डीडीआर-४ ही १.२ व्होल्टवर आणि डीडीआर-५ ही १.१ व्होल्टवर. एकीच्या जागी दुसरी बसू नये, म्हणून त्यांच्या खाचा मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या असतात. पट्टी बसत नसेल तर बळ लावू नका. ती बसणारच नाही, अशीच योजना आहे.

वेग कोणता ठेवला आहे? पट्टीवर एक बारीकशी चिप असते. तिच्यात त्या पट्टीची कुंडली लिहिलेली असते. संगणक सुरू होताना ती वाचून वेग ठरवतो. दोन पट्ट्यांचे वेग निराळे असतील, तर दोन्ही सावकाश पट्टीच्या चालीने चालतात. काही पट्ट्यांत जास्त वेगाची 'एक्सएमपी' नावाची आणखी एक नोंद असते. ती निवडली, तर डीडीआर-४ पट्टीला बहुधा १.२ ऐवजी १.३५ व्होल्ट दिले जातात. वेग वाढतो, तशी उष्णताही वाढते आणि प्रत्येक मदरबोर्डला हा वेग पेलतोच असे नाही. शंका आली, की बायोसमध्ये जाऊन नेहमीचा वेग ठेवावा आणि मग पाहावे.

हवा खेळते का? पंख्यांवर आणि जाळ्यांवर धुळीचा थर साचलेला नाही ना, कॅबिनेट भिंतीला चिकटून ठेवलेले नाही ना, हे पाहावे. रॅमची एक पट्टी स्वतः जेमतेम काही वॅट शक्ती खर्च करते. शेजारचा प्रोसेसर मात्र ६५ वॅट किंवा त्याहूनही अधिक खर्च करतो. पट्टी तापते ती पुष्कळदा शेजाऱ्याच्या उष्णतेनेच.

आमच्या संगणकात यांपैकी काहीच सापडले नाही. धूळ झाडली, टोके पुसली, पट्ट्या पुन्हा बसवल्या, तरी लक्षण कायम. दोन्ही पट्ट्या डीडीआर-४ जातीच्या. जुनी २,४०० वेगाची आणि नवी २,६६६ वेगाची, म्हणून दोन्ही २,४०० नेच चालत होत्या. नवी पट्टी आपल्या कुवतीपेक्षा सावकाश चालूनही चुकत होती.

चार चाचण्यांचा तक्ता

मग स्मृतीची परीक्षा घेतली. मेमटेस्ट-८६ या नावाने ओळखले जाणारे कार्यक्रम रॅमच्या प्रत्येक जागी ठरावीक नमुने लिहितात, थोड्या वेळाने ते परत वाचतात आणि फरक दिसला तर नोंदवतात. विंडोजमध्येही अशी एक चाचणी असते. सकाळी आठ वाजता, झाकण उघडे असताना आम्ही पहिली फेरी घेतली. एकही चूक नाही! तेथेच थांबलो असतो, तर पट्टी निर्दोष ठरली असती.

पण दोष दुपारी दिसत होता, म्हणून परीक्षाही दुपारीच घ्यायला हवी. दोष ज्या परिस्थितीत उद्भवतो त्याच परिस्थितीत त्याची तपासणी करावी, हा नियम वैद्यालाही लागू आहे आणि मोटार दुरुस्त करणाऱ्यालाही. झाकण लावले, पंखा काढला, तासभर संगणक तापू दिला आणि दोन पट्ट्या व दोन खोबणी यांच्या चारही जोड्या एकेक करून तपासल्या. प्रत्येक जोडीला तीन फेऱ्या दिल्या. निकाल असा:

जुनी पट्टी, पहिली खोबण : निर्दोष.
जुनी पट्टी, दुसरी खोबण : निर्दोष.
नवी पट्टी, पहिली खोबण : प्रत्येक फेरीत चुका.
नवी पट्टी, दुसरी खोबण : प्रत्येक फेरीत चुका.

हा तक्ता नीट वाचा. चुका पट्टीबरोबर फिरल्या, खोबणीबरोबर राहिल्या नाहीत. म्हणून दोष नव्या पट्टीत. दोन्ही पट्ट्या एकाच खोबणीत चुकल्या असत्या, तर दोष मदरबोर्डचा. चारही ठिकाणी चुका आल्या असत्या, तर वीजपुरवठा, प्रोसेसर किंवा वेगाची मांडणी यांकडे पाहावे लागले असते. आणि एकेकटी पट्टी निर्दोष पण दोन्ही मिळून सदोष, असे दिसले असते, तर त्या दोघींचे एकमेकींशी पटत नाही असे म्हणता आले असते.

शेवटी नव्या पट्टीची परीक्षा पंखा लावून रात्रभर चालवली. सकाळी एकच चूक नोंदलेली होती, आणि तीही त्याच जागेवर. आता चित्र स्पष्ट झाले. समजा, ४६ अंशांना त्या एका दुबळ्या बिटाची आठवण ८० मिलिसेकंद टिकते. पाणक्या ६४ मिलिसेकंदांनी येतो, म्हणजे ती कशीबशी वाचते, पण एखादे वेळी दगा देते. ५८ अंशांना तीच आठवण ३५ मिलिसेकंदांवर येते आणि हमखास जाते. उन्हाने दोष निर्माण केला नव्हता. पट्टीत असलेला दोष त्याने उघड केला. आणि आम्ही लावलेल्या पंख्याने तो नाहीसा केला नव्हता, नुसता झाकला होता. झाकलेला दोष अधिक वाईट. निळा पडदा निदान ओरडून सांगत होता. पंखा लावल्यावर संगणक गुपचूप चुकू लागला.

७६चे ३६ कसे झाले?

चाचणीच्या पडद्यावर आणखी एक गोष्ट लिहिलेली होती. प्रत्येक चुकीत ३२ बिटांपैकी एकच बिट बदललेला होता आणि तो नेहमी शेवटून तिसरा होता. त्या जागी लिहिलेल्या १ चा ० होत होता. शेवटून तिसऱ्या बिटाची किंमत किती? द्विमान पद्धतीत शेवटून किमती १, २, ४, ८ अशा असतात. म्हणजे त्याची किंमत ४.

संगणक अक्षरे व अंक संकेतांकांच्या रूपाने साठवतो. ७ या अंकाचा संकेत ५५ आणि ३ या अंकाचा ५१. ते द्विमान पद्धतीत लिहून एकाखाली एक मांडा:

५५ = ००११०१११
५१ = ००११००११

दोहोंत फरक फक्त शेवटून तिसऱ्या बिटाचा! तेथील १ पाझरून गेला, की ७ चा ३ होतो आणि ७६ मिलिमीटर पावसाचा ३६ मिलिमीटर होतो. कळफलकावर ७ आणि ३ शेजारी शेजारी नसतात. घाईत बोट चुकण्याची शक्यता कमी. छापील कागद, चाचणीतील बिट आणि हे दोन संकेत, असे तीन पुरावे एकाच दिशेने बोट दाखवत होते.

मी त्या मुलाला चारचौघांत निष्काळजी म्हटले होते. म्हणून माफीही वर्गासमोरच मागितली आणि हा द्विमान आकड्यांचा हिशेब फळ्यावर त्याच्याच हातून मांडून घेतला.

संगणक स्वतः का सांगत नाही?

एखादा बिट बदलला हे ओळखण्याची युक्ती जुनी आहे. बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये चूक ओळखून ती दुरुस्तही करणाऱ्या संकेतांची पद्धत प्रसिद्ध केली. बँका, रुग्णालये यांच्या मोठ्या संगणकांत प्रत्येक ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवून ही तपासणी केली जाते. अशा रॅमला ईसीसी रॅम म्हणतात. शाळेतील किंवा घरातील साध्या संगणकात बहुधा ती नसते. त्यामुळे त्याला चूक झाल्याचा पत्ताच लागत नाही.

बिट चुकण्याची इतर कारणेही आहेत. १९७८ मध्ये इंटेलमधील टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवून दिले, की चिपच्या वेष्टनात अत्यल्प प्रमाणात असलेल्या युरेनियम-थोरियममधून निघणारे अल्फा कण बिट बदलू शकतात. पण अशी चूक एकदा इथे, एकदा तिथे होते. तीच जागा पुन्हा पुन्हा चुकू लागली, की दोष त्या जागेचाच समजावा. २००९ साली गूगलच्या हजारो संगणकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात शंभरातील आठांहून अधिक पट्ट्यांत चुका नोंदल्या गेल्या. संगणकावरील कामाचा भार सारखा धरला, तर नेहमीच्या तापमानांच्या मर्यादेत उष्णतेचा परिणाम मात्र अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी दिसला. चुका बहुतांशी पट्ट्यांतील दोषांमुळे होत असाव्यात, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष होता. आमच्या छोट्या प्रयोगशाळेतील अनुभव याच्याशी जुळतो.

आमची पट्टी हमीच्या मुदतीत होती. चार चाचण्यांचा तक्ता दाखवल्यावर ती बदलून मिळाली. बदललेली पट्टी बसवून, झाकण लावून, दुपारी पुन्हा तीन फेऱ्या घेतल्या. एकही चूक आली नाही. मगच ती कामाला जुंपली. त्यानंतर सगळ्या वर्षांच्या नोंदी वहीशी पुन्हा ताडून पाहिल्या. कामाला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत वह्या जपून ठेवणाऱ्या आमच्या आधीच्या शिक्षकांची आठवण वारंवार झाली. संगणकातील नोंद तपासायला कागदावरील नोंद हवी, हा धडा पुस्तकात नव्हता.

विचार करा आणि उत्तरे लिहा

१. चिपचे तापमान ९० अंश असताना फेरी ३२ मिलिसेकंदांत पुरी करायची आहे. हुकूम ८,१९२च आहेत. दोन हुकुमांमध्ये किती काळ जाईल?

२. ० ते ९ या अंकांचे संकेत ४८ ते ५७ आहेत. आमच्या पट्टीतील दोषामुळे कोणते अंक बदलू शकले असते आणि कोणते सुरक्षित होते? सर्व संकेत द्विमान पद्धतीत मांडून ठरवा.

३. एका संगणकात दोन पट्ट्या आहेत. दोन्ही पहिल्या खोबणीत निर्दोष आणि दुसऱ्या खोबणीत सदोष आढळल्या. दोष कोठे असावा?

४. एका मित्राने एकाच वेळी पट्टी पुसली, खोबण बदलली, वेग कमी केला आणि पंखा लावला. संगणक नीट चालू लागला. "दोष सापडला," असे त्याला म्हणता येईल का? कारण लिहा.